वापरातला चमचा

३ जून

आलो एकदाच्या! आई, मी, खोक्यांचा डोंगर आणि एक गादी, जी टेम्पोवाल्याने सगळी कोरडी जागा सोडून नेमकी डबक्यात टेकवली. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि त्याला चक्क खिडकी. खिडकीतून रस्त्यापलीकडचं संग्रहालयाचं सपाट छप्पर दिसतं. आई म्हणाली, बरं झालं, ऑफिसात डुलक्या काढतेस का ते आता मला इथूनच दिसेल. मी म्हटलं, मी काही छपरावर बसून काम करणार नाहीये. तर म्हणे, तुझं काही सांगता येत नाही बाई.

पलंग अजून जोडायचाय, पण आधी हे लिहून टाकते, कारण आज मी फार खूश आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रदर्शनांसाठी खिळे ठोकले, पाहुण्यांना पाणी दिलं, पत्रिकेत तळाला बारीक अक्षरात नाव आलं तर आलं. आता मी क्युरेटर! वस्तू निवडणार मी, मांडणार मी, भिंतीवर नाव माझं. आणि हे तलवारी-मुकुटांचं संग्रहालय नाही. इथे रोजच्या वापराच्या वस्तू असतात. किटल्या, कात्र्या, खुर्च्या, दाराच्या मुठी. त्यांना असाच आकार कुणी दिला आणि का दिला, ते लोकांना दाखवायचं. पहिलं प्रदर्शन जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर काय, ते आज लिहीत नाही.

६ जून

इथे खुर्च्यांचं अख्खं दालन आहे आणि बसायला म्हणून एक खुर्ची नाही. चहा उभ्यानेच प्यायचा. काचपेट्यांतल्या खुर्च्यांकडे बघत.

संचालकबाईंचे केस पांढरे, कापलेले, आवाज कधी चढत नाही. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटते. त्यांचं एकच वेड आहे. वस्तू नुसती ठेवायची नाही, म्हणतात, नुसती ठेवली की भांड्यांचं दुकान होतं. ती वापरात दिसली पाहिजे. म्हणून किटली इथे हाताच्या उंचीवर कललेली असते आणि कात्री अर्धी उघडी. वस्तू जिची किंवा ज्याची असेल त्या माणसाला एकदा संग्रहालयाच्या मागच्या छोट्या कारखान्यात बोलावतात, ती वस्तू त्याच्या हातात देतात आणि पितळेकाका त्या हाताभोवती तार वाकवतात. हात काढून घेतला की तार उरते, हाताच्या मापाची. तोच वस्तूचा आधार. मग त्याला भिंतीचा रंग द्यायचा. किटली हवेत तरंगते आणि आत्ता कुणीतरी चहा ओतणार असं वाटतं. मी तर तोंडात बोट घालून बघत राहिले.

पितळेकाकांचं आडनाव वेगळंच आहे, पण दिवसभर पितळेत हात म्हणून हे नाव पडलं. गोड बोलतात, शीळ घालतात आणि फुशारकी मारतात. माझं काम दिसलं तर ते फसलं समजा, हे त्यांनी मला एका चहात तीनदा ऐकवलं. दुसरे आहेत ते वस्तूंच्या जतनाचं बघणारे. त्यांना दमटपणाशिवाय विषय नाही. हवेत ओलावा वाढला की यांचा जीव कासावीस. मी मनातल्या मनात त्यांचं नाव दमटराव ठेवलंय.

१५ जून

कल्पना सुचली आणि बाईंना आवडली! प्रदर्शनाचं नाव ‘एकासाठी’. जगात फक्त एकाच माणसासाठी बनवलेल्या वस्तू. सहा बोटांचा हातमोजा मिळालाय, एका डोळ्याच्या लेखनिकाचं तिरकं टेबल मिळालंय. बाईंनी विचारलं, मधोमध काय ठेवणार? घरी आले तरी डोक्यात तेच.

रात्री जेवताना समोर आई. तिचे हात थरथरतात, माझ्या शाळेच्या दिवसांपासून. बाबा लेथवर काम करायचे. त्यांनी तिच्यासाठी चमचा केला. मूठ पोलादाची आणि जड, म्हणजे हाताची थरथर त्या वजनाखाली दबते. मुठीवर सायकलच्या हँडलचं रबर, म्हणजे सुटत नाही. मान आतल्या बाजूला वाकवलेली, म्हणजे तोंडापर्यंत सांडत नाही. कितीतरी चमचे त्यांनी करून फेकले, मग हा जमला. बाबा गेले, चमचा राहिला. मला कुणी भरवायचं नाही, हा आईचा मोठा तोरा, आणि तो त्या चमच्याच्या जोरावर.

मी घास हातात धरून त्या चमच्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, अशी काय बघतेस खाऊ की गिळू?

१८ जून

तीन दिवस आईचा नन्नाचा पाढा. माझा चमचा काही मेलेल्यांच्या सामानात जायचा नाही. मी समजावलं, लाडीगोडी लावली, चिडले. हुबेहूब दुसरा करून देते म्हटलं. शेवटी तिने विचारलं, तुझ्या बाबांचं नाव लागेल का तिथे? मोठ्या अक्षरात?

लागेल म्हटलं. तिने चमचा पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, ने.

जिंकले.

२४ जून

आईला कारखान्यात नेलं. चांगली साडी नेसली होती, जशी काही लग्नालाच निघाली. पितळेकाकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि चमचा हातात दिला. आईने ओशाळून हात स्थिर करायचा प्रयत्न केला. तर काका म्हणाले, नको नको आजी, थरथरू द्या, मला तेच हवंय.

तार वाकवायला खूप वेळ लागला. हात हलला की काका तार हलवायचे, परत हलला की परत. शीळ बंद होती. झाल्यावर त्यांनी आईला हात काढून घ्यायला सांगितलं आणि तो चटकन निघेना. दुखलं नाही म्हणे, नुसता जड झाला होता. घरी येताना आईने विचारलं, त्या माणसाची पापणी एकदा तरी लवताना पाहिलीस का गं तू? मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

३० जून

नवा चमचा कुचकामी. वजन तेच, रबर तेच, पण आईच्या हातात तो ऐकतच नाही. तीनदा साडीवर सूप सांडलं. शेवटी मी भरवायला घेतलं. तिने तोंड मिटून घेतलं. एवढी म्हातारी बाई, ओठ आवळून माझ्याकडे बघत बसली.

मला उशीर होत होता. मजकुराचे फलक छापायला जायचे होते. मी चमचा जवळजवळ कोंबला तिच्या तोंडात. तिने गिळलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

८ जुलै

उद्घाटन! उभं राहायला जागा नव्हती. चमचा मधोमध, एकट्याच्या काचपेटीत, आईच्या छातीच्या उंचीवर. खाली फलक: चमचा. पोलाद, रबर. बाबांचं नाव, सगळ्यात मोठ्या अक्षरात. आईचा हात मी धरला होता. तिने वाचलं आणि पदर डोळ्याला लावला.

मग कुणीतरी म्हणालं, अहो, हा हलतोय.

खरंच हलत होता. बारीक, सतत. मला वाटलं रस्त्यावरून ट्रक जात असेल. पण शेजारचा हातमोजा स्थिर होता. लोकांना वाटलं आत मोटर बसवलीय. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे मला म्हणाले, केवढी संवेदनशील मांडणी. मी पितळेकाकांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. मी पाहुण्यांना म्हटलं, हो, त्यावर आम्ही फार विचार केला.

९ जुलै

सकाळी आईने हाक मारली. हात पुढे करून बसली होती. दोन्ही हात, पसरलेले, स्थिर. एवढीशी थरथर नाही. मला तिचे हात असे आठवतच नाहीत.

सुईत दोरा ओवला तिने! पहिल्या फटक्यात. मग दुसऱ्या सुईत. मग शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्या सुयांतही ओवून दिला. काकू म्हणाल्या, चमत्कारच म्हणायचा. आम्ही दोघी रडलो. आई म्हणाली, ठेव तो चमचा तिथेच, माझं आता काय अडतंय.

मी मनापासून सुखी आहे.

१४ जुलै

आईला उजवा हात उचलता येत नाही. थरथर नाही, पण हालचालही नाही. मांडीवर पडून असतो. काल डावाही तसाच. डॉक्टर म्हणाले, वय आहे, मालिश करा.

तिकडे चमचा आता नुसता थरथरत नाही. दुपारी जेवायच्या वेळेला वर जातो. हळूच, तोंडाच्या उंचीपर्यंत. थांबतो. खाली येतो. तारेत ना चाक, ना दोरी. लोक ती वेळ साधून येतात, रांग जिन्यापर्यंत जाते.

आई म्हणाली, मला चमचा परत आणून दे. का ते नाही सांगितलं. बोलणं जरा जड झालंय तिचं. मी म्हटलं, नोकरी कायम करणारी समिती पुढच्या आठवड्यात येतेय, ती झाली की आणते. आठवडाभराने काय बिघडतंय?

तिने मान वळवली. मान तेवढी अजून वळते तिची.

२२ जुलै

समिती आली. नोकरी कायम झाली. घरी आईचे पायही आता हलत नाहीत. संध्याकाळी दालनात एक माणूस भेटला. घड्याळजीचा मुलगा, असं त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांचं एका बाजूला बुटकं स्टूल मागे इथे ठेवलं होतं. ते काचपेटीत डुलायला लागलं आणि वडील घरी थिजत गेले. आधी कंबर, मग पाय, मग सगळेच. मुलगा संतापून आला आणि स्टूल आधारावरून उचलून घेऊन गेला.

उचललं त्या क्षणाला स्टूल थांबलं, म्हणाला. आणि घरी वडील.

मला म्हणाला, ताई, तुमचं कोण आहे ते मला माहीत नाही, पण त्या चमच्याला हात लावू नका आता.

२३ जुलै

बाईंच्या खोलीत गेले. ओरडले. त्या शांत. त्यांना सगळं ठाऊक आहे, पहिल्यापासून! प्रत्येक वस्तूचं नाही होत म्हणे असं. ज्या वस्तूवाचून माणसाचं खरंच अडतं, तिचंच होतं. पहिल्या दिवशी काढला असतात तर फक्त हात गेला असता, असं अगदी हळू बोलल्या. तुम्ही थांबलात.

मी रडायला लागले. तर म्हणाल्या, घरी त्यांचा हात कोण बघत होतं? आता हजार लोक बघतात. आणि त्या अजून आहेतच की. इथे आहेत.

मी थांबले. मीच थांबले. तिने मागितला होता.

२६ जुलै

आई पापणी हलवत नाही. छाती तेवढी वरखाली होते. नाडी आहे. काकू दिवसा तिच्यापाशी बसतात, मी काचपेटीपाशी. दुपारी चमचा वर जातो तेव्हा मी पुटपुटते, आई जेवली. लोक माझ्याकडे वळून बघतात.

रजा घे म्हणतात सगळे. कुठे जाऊ? आई दोन्हीकडे आहे.

२९ जुलै

काचेला वाफ धरते आतून. एकाच जागी, चमच्याच्या वर. येते, जाते. चमचा नीट दिसत नाही, लोक तक्रार करतात आणि मलाही तिचा हात दिसत नाही. दमटरावांना बोलावलं. त्यांना तर आनंदच झाला. ओलावा! रबर कुजेल, पोलाद गंजेल! पेटीच्या फटी गमाने बंद करायच्या आणि आत ते निळे दाणे ठेवायचे, ओलावा पिऊन गुलाबी होणारे. मी म्हटलं, करा, लगेच करा. चमच्याला काही होता कामा नये.

आणि कुणालाही पेटी उघडू देऊ नका, मलासुद्धा. भावनेच्या भरात मीच चमचा उचलला तर? बरं झालं सुचलं.

संध्याकाळी पेटी बंद करून झाली आणि बाई परगावी गेल्या. किल्ली त्यांच्याबरोबर.

१ ऑगस्ट

सकाळी आईची छाती हलत नव्हती.

नाडी आहे. मंद. अंग गरम आहे. नाकापुढे आरसा धरला. काही नाही. काकू म्हणाल्या, कालपासूनच असं वाटतंय, मी तुला बोलले नाही. नाडी आहे आणि श्वास नाही. असं कसं

वाफ.

ती वाफ होती. चमच्याच्या वर. तोंडाच्या उंचीवर. येते, जाते —

मी बंद करून घेतली पेटी. मी.

१ ऑगस्ट, दुपार

दमटरावांना फोन केला. खुशीत. दाणे सगळे गुलाबी झाले, ताई, झकास काम चाललंय, सकाळी वाफ तळहाताएवढी होती, आता रुपयाएवढी. उघडा म्हटलं. म्हणे बाईंच्या सहीशिवाय नाही, आणि तुम्हीच सांगितलंत ना, मलासुद्धा उघडू देऊ नका. पाया पडते म्हटलं. म्हणे, झोप घ्या थोडी.

उचलायचा नाही. फक्त काचेला भोक. हवा जाईल एवढं. चमच्याला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही.

काकूंना आईपाशी बसवलंय. हातोडी पिशवीत —

१ ऑगस्ट, नंतर

फोडली.

गार्डने बाईंच्या खोलीत बसवलंय. बाहेरून कडी. पाणी दिलं बिचाऱ्याने. हात कापलाय माझा. थोडासा.

लिहून काढते. म्हणजे कळेल काय झालं.

गर्दी. वाट देईनात. रांगेत या म्हणाले. हे माझं प्रदर्शन आहे म्हटलं, तर हसले. वाफ नखाएवढी उरली होती. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला तडा गेला. हवा आत शिरली, आवाज ऐकू आला मला — आणि चमचा आपोआप वर गेला. झटक्यात. भूक लागल्यासारखा. काचेवर वाफ, मोठी, आणखी मोठी. आई! श्वास घेत होती आई. तिथेच थांबायचं होतं. तेवढंच करायचं होतं —

पण वरची काच सुटली. मोठा तुकडा. सरळ खाली, चमच्यावर, त्या रबरावर. आणि मी

विचार नाही केला. इतकी वर्षं हेच अंगात मुरलंय. छप्पर कोसळो, आधी वस्तू उचल. हात आत गेला. आधारावरून चमचा उचलला. छातीशी धरला. वाचवला.

वाचवला मी!

एक ओरखडा नाही. उजेडात धरून बघितला. रबर शाबूत. मूठ शाबूत.

हलत नाहीये.

टेबलावर माझा फोन वाजतोय. काकू. थांबला. परत वाजतोय. घेतला की कळेल. नाही घेतला तर अजून —

डाव्या हातात धरलाय, ती धरायची तसा. अंगठा वर. कोपर बाहेर. घे ना आई. धर. एकदाच हलव, मी परत नेऊन ठेवते, शपथ, मी परत —

वाजतोच आहे.

हलला. आत्ता हलला! की माझाच हात